चौथं पान

उर्हो म्हणतो, गोळी नको.
चौऱ्याऐंशी वर्षांचा, स्वयंपाकघरात बसलेला,
लोकरी मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
ते भोक मी काढलंय, दुपारभर खपून.
त्याच्या तोंडून 'नको' यायलाच हवं,
त्याशिवाय धडा सुरू होत नाही.

खाली तीन चौकोन:
समजावून सांगा.
गोळी दह्यात मिसळा.
नोंद करा आणि निघा.
कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

बाहेर ओउलूत तीनलाच अंधार पडलाय.
बंदर गोठलंय, बर्फ फोडणारं जहाज
स्वतःचीच कालची वाट पुन्हा फोडत चाललंय.

भिंतीवर माझे पिवळे कागद, दोऱ्यांनी जोडलेले.
एका प्रसंगाचे तीन, तिनांचे नऊ, नवांचे सत्तावीस.
पेट्री दारातून डोकावतो:
चित्रांचे पैसे नवांचेच आहेत.
मग मी शेवट एकमेकांत वळवते,
दोन फाटे तिसऱ्या पडद्यावर गुपचूप आणून सोडते.
शिकणाऱ्याला वाटतं, आपण निवडलं,
आणि आतून सगळं येरे माझ्या मागल्या.
याची लाज वाटते का? थोडी.
म्हणून एक आकडा लपवून ठेवलाय, त्याचं नाव विश्वास.
दह्यात गोळी मिसळलीत तर तो दोनाने उतरतो.
कुणाला दिसत नाही.
फक्त पुढच्या भेटीत
कुत्रा दारापर्यंत येत नाही.

चुकीची वाट लिहायला जास्त वेळ लागतो.
ती शहाण्या माणसालाही आपलीशी वाटली पाहिजे,
सातवं घर उरकणाऱ्या,
गाडीचं इंजिन चालू ठेवून आलेल्या माणसाला.
नाहीतर ती वाट नव्हे,
'इथे चिखल आहे' अशी ठोकलेली पाटी.
मी स्वतः दह्याकडे गेलेय.
पडद्यावर नाही. आईच्या वेळी.
वर लाल बेरी घातल्या होत्या.

गुरुवारी हिल्का आली धडा तपासायला.
एकतीस वर्षं घरोघर, आता गुडघे गेलेले.
माउसवर तिने हात ठेवला, नाडी बघावी तसा.
उर्हो म्हणाला, गोळी नको.
ती वाचत राहिली. वाचून झालं, मग बघत राहिली.
मी पाठीमागे, वहीत सेकंद मोजत.
नव्वदाव्याला पडदा आपोआप करडा झाला:
प्रतिसाद नाही. अनुत्तीर्ण.

"अगं, मी बसले होते ना त्याच्याजवळ," ती म्हणाली.
"कोट काढून. काही न बोलता.
त्याला बटण कुठलं?"

मी सांगितलं, न निवडणं यंत्राला कळत नाही,
त्याला वाटतं माणूस उठून गेलं.
"त्याला कुठलं वाटायला," ती म्हणाली,
"तूच सांगितलंयस त्याला तसं."
उरलेली कॉफी प्यायली,
बुटांना काटे चढवले, गेली.

त्या रात्री मी घड्याळ काढून टाकलं.
नव्वदनंतर आता काही करडं होत नाही.
उर्हो खिडकीकडे बघतो.
फ्रीज गुरगुरतो, तो आवाज माझ्याच घरात टिपलेला.
दोन मिनिटांनी कुत्रा येऊन पावलावर हनुवटी टेकतो.
तिसऱ्या मिनिटाला उर्हो विचारतो,
बाहेर घसरडं आहे का.
बस्स. गोळी तो घेईलच असं नाही,
ते मी लिहिलेलंच नाही.

या फाट्याला चौकोन नाही, अक्षर नाही.
पेट्री म्हणाला, कुणाला सापडणारच नाही,
तीन चित्रांचे पैसे पाण्यात.
खरं असेल.

मार्चमध्ये नोंदी आल्या. दोनशे बारा जण.
जवळजवळ सगळे पहिल्या बारा सेकंदांत पुढे.
एक जण, केमीहून: चार मिनिटं चाळीस.
फोन आला असेल. दार वाजलं असेल.
पेट्रीने त्या ओळीवर बोट ठेवलं,
सरासरी बिघडतेय, उडवू का?

राहू दे, म्हटलं.
तिथं कुणीतरी बसलंय.